टक्क्यांसोबत चौकटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुका तोंडावर आल्या की मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर टक्क्यांचा पाऊस सुरू होतो. कुठे 'जनतेचा कौल', कुठे 'मतदानोत्तर चाचण्यांत अमुक आघाडी पुढे', कुठे 'सर्व्हे सांगतो', तर कुठे 'आमच्या वाचकांचा पोल'. मथळ्यांचा टाइप सारखाच असतो आणि आकडेही सारख्याच आत्मविश्वासाने छापलेले असतात, त्यामुळे वाचक सगळ्यांना सारखेच वजन देतो. प्रत्यक्षात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. काही भक्कम असतात, काही बऱ्या, आणि काही छापण्याच्याच लायकीच्या नसतात. आम्ही सर्वेक्षणाच्या कामातली माणसे आहोत. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक प्रकाराला त्याच्या नावाने हाक मारा आणि टक्क्यांखाली तो आकडा कसा आला याची एक लहान चौकट द्या.

गोंधळाचे एक मूळ 'पोल' या इंग्रजी शब्दातच आहे. त्याचा जुना अर्थ डोके. डोकी मोजणे म्हणजे पोल; 'पोल टॅक्स'ला आपल्याकडे डोईपट्टी म्हणतात ते त्यामुळेच. इंग्रजीत निवडणुकीचे अधिकृत मतदानही पोल आणि हजार माणसांना गाठून विचारलेले मतही पोल. इंग्रजी वाचकाला संदर्भावरून फरक कळतो. आपण मात्र दोन्हींसाठी 'कौल' वापरायला लागलो आणि तिथे घसरलो. कौल देवाकडे लावतात आणि तो मिळाला की विषय संपतो. मतदारांनी यंत्राचे बटण दाबले तर तो कौल. बाराशे जणांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे हा अंदाज आहे, आणि त्याला चूक चिकटलेली असतेच.

हा फरक गोव्यातल्या वाचकांना समजावून सांगावा लागू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जे झाले त्याचे कायदेशीर नावच 'ओपिनियन पोल' होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. राज्यघटनेत सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही, म्हणून संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली. अंतर ३४ हजार २१. नाव ओपिनियन पोल असले तरी हे सार्वमत होते. नमुना नव्हता, अंदाज नव्हता, मतदारयादीतल्या प्रत्येकाला मत देता येत होते. मराठीत त्याला 'जनमत कौल' म्हटले गेले आणि ते योग्यच होते. तोच शब्द आज दूरचित्रवाणी वाहिनीच्या चाचणीला लावला की दोन्हींची पायरी एक होते.

महाराष्ट्रात खरा कौल गावपातळीवर अजूनही घेतला जातो. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. इथे छेद कोणता, म्हणजे टक्के कशाचे काढायचे, हे बातमीत हमखास गाळले जाते. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, गावात १००० महिला मतदार आहेत. ६०० जणींनी मतदान केले आणि ४८० मते आडव्या बाटलीला पडली. मतदान केलेल्यांपैकी ८० टक्के महिला बंदीच्या बाजूने, तरी दुकान चालू. घरी राहिलेली प्रत्येक बाई नियमाच्या हिशेबात उभ्या बाटलीकडे जाते. अशा वेळी '८० टक्के महिलांचा दारूबंदीला कौल' एवढाच मथळा दिला, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडे कसे, हे वाचकाला कळत नाही.

आता चाचण्यांकडे. मतदानापूर्वी लोकांना विचारले तर ती जनमत चाचणी किंवा मतदानपूर्व चाचणी. मत देऊन बाहेर पडणाऱ्याला केंद्राबाहेरच विचारले तर एक्झिट पोल. मतदानानंतरच्या दिवसांत घरी जाऊन सविस्तर प्रश्नावली भरून घेतली तर मतदानोत्तर सर्वेक्षण, म्हणजे पोस्ट-पोल. मराठी वृत्तपत्रे एक्झिट पोललाच 'मतदानोत्तर चाचणी' म्हणतात. त्यामुळे खऱ्या पोस्ट-पोलला नावच उरत नाही, आणि दोन्हींच्या पद्धती व उणिवा तर पार वेगळ्या आहेत. एक्झिट पोलला एक्झिट पोलच म्हणावे. तो शब्द आता चहाच्या टपरीवरही कळतो.

एक्झिट पोल करणारी मुले केंद्राच्या आवारापासून अंतर ठेवून उभी राहतात आणि ठरलेल्या अंतराने, समजा दर दहाव्या मतदाराला, थांबवतात. चांगली संस्था तोंडी उत्तर घेत नाही. चिन्हे छापलेली नकली मतपत्रिका देते, मतदार ती भरून, घडी घालून डब्यात टाकतो. बिघडते ते कुठे? एका शाळेत सहा-आठ केंद्रे असतात आणि फाटके दोन. कोण कुठल्या केंद्रातून आले ते कळत नाही आणि 'दर दहावा' हा नियम तासाभरात मोडतो. दहावा माणूस थांबला नाही की मुलगा अकराव्याला, म्हणजे बोलायला तयार असलेल्याला पकडतो. नवऱ्यासोबत आलेल्या बाईचे उत्तर पुष्कळदा नवराच देतो. सकाळी सातला येणारा मतदार आणि संध्याकाळी पाचला कामावरून परतून येणारा मतदार यांचा कल एकच असेल असे नाही. पण दूरच्या तालुक्यातले काम दुपारी आटोपते, कारण आकडे वेळेत वर पाठवायचे असतात. किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, हा आकडा सर्वांत उपयोगी आणि तोच सर्वांत कमी छापला जातो.

कायद्याची बाजूही बातमीत सैल असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ही बंदी छापील माध्यमालाही आहे. मतदानपूर्व चाचणीचा नियम निराळा: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत ती इलेक्ट्रॉनिक माध्यमांत दाखवता येत नाही. 'चाचण्यांवर बंदी' असे मोघम लिहिले की हे दोन नियम एकमेकांत मिसळतात.

नमुना किती मोठा हवा, हा वाचकांचा नेहमीचा प्रश्न. 'महाराष्ट्रात साडेनऊ कोटींहून अधिक मतदार, आणि यांनी विचारले हजार जणांना!' असा टोमणा आम्ही नेहमी ऐकतो. तो चुकीच्या जागी मारलेला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. भांडे केवढे आहे याने फरक पडत नाही, भात नीट ढवळलेला आहे का याने पडतो. हजार माणसे खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, निवडलेली असतील तर ९५ टक्के खात्रीने चूक सुमारे ±३.१ टक्के येते, मग लोकसंख्या पाच लाख असो की दहा कोटी. ४०० माणसांना ती ±४.९ आणि २४०० माणसांना ±२. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. म्हणून शहाण्या संस्था आकडा फुगवण्याऐवजी निवडीवर पैसा खर्च करतात.

पण ±३.१ हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात कुणी राज्यभर विखुरलेली हजार घरे गाठत नाही. आधी मतदारसंघ निवडतात, त्यातली काही मतदान केंद्रे, आणि प्रत्येक केंद्राच्या यादीतून वीस-पंचवीस नावे. यादीत १२०० नावे असतील आणि ३० हवी असतील तर दर चाळिसावे नाव. सुरुवात १ ते ४० मधल्या चिठ्ठी टाकून काढलेल्या क्रमांकापासून. एका केंद्रातली माणसे एका वस्तीतली, बहुधा सारख्या परिस्थितीतली, म्हणून त्यांची मतेही थोडीफार सारखी. वीस-वीसच्या गटांत हे साम्य शून्य ते एक या मापावर ०.०५ इतके जरी धरले, तरी हजार मुलाखतींचे मोल साधारण ५१० स्वतंत्र मुलाखतींइतके उरते आणि चूक ±४.३ वर जाते. बहुतेक संस्था चौकटीत (असलीच तर) ±३ छापतात. तो अर्धा हिशेब झाला.

यादीतले नाव सापडत नाही, हे रोजचेच. माणूस गाव सोडून गेलेला, वारलेला, किंवा घराला कुलूप. नियम असा की संध्याकाळी, नंतर सुट्टीच्या दिवशी पुन्हा जायचे. पैसे प्रत्येक फॉर्ममागे मिळत असतील तर शेजारचे दार वाजवले जाते. दुपारी घरी सापडणारे निवृत्त, गृहिणी आणि बेकार तरुण यांचे प्रमाण मग आपोआप वाढते. ते दुरुस्त करायला भारांकन करतात, म्हणजे उत्तरांना कमी-जास्त वजन देतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या ४५ टक्के होती. नमुन्यात शहरी ७० टक्के आले असतील तर प्रत्येक शहरी उत्तराला ०.६४ आणि प्रत्येक ग्रामीण उत्तराला १.८३ वजन द्यावे लागते. हे करणे योग्यच आहे, पण त्यामुळे थोड्या ग्रामीण उत्तरांवर सगळा भार येतो आणि त्यांतली चूक फुगते. गावाकडचे जे लोक भेटलेच नाहीत, त्यांचे मत वजन वाढवून मिळत नाही.

उपसंपादकांना सर्वांत मोह पाडतात ते विभागवार तक्ते: विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मुंबई. नकाशा रंगवता येतो, पान देखणे दिसते. पण हजारांचे सहा भाग केले की प्रत्येकात १६५ च्या आसपास माणसे उरतात आणि आदर्श स्थितीतही चूक साडेसात टक्क्यांच्या वर जाते. 'मराठवाड्यात अमुकची पाच टक्क्यांनी मुसंडी' हे वाक्य त्या नमुन्यावर लिहिताच येत नाही. आघाडीचेही तसेच. ±३ ही एका पक्षाच्या टक्केवारीतली चूक. दोन पक्षांमधल्या फरकातली चूक त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. हजारांच्या नमुन्यात ४२ विरुद्ध ३९ असेल तर तीन टक्क्यांच्या या आघाडीला ±५.६ ची चूक आहे. खरा मथळा 'लढत अटीतटीची' एवढाच. आणखी एक: पाठिंबा ४० वरून ४४ वर गेला तर वाढ चार टक्केबिंदूंची किंवा दहा टक्क्यांची, नुसते 'चार टक्के वाढ' म्हणणे चूक.

प्रश्नांबद्दल मराठी पत्रकारितेत जवळजवळ काहीच लिहिले जात नाही, आणि आमच्या मते सर्वांत जास्त खोट तिथेच असते. 'शहरात मेट्रो यावी आणि रस्ते रुंद व्हावेत असे तुम्हाला वाटते का?' हे दोन प्रश्न एका 'हो'मध्ये कोंबलेले आहेत. 'वाढत्या महागाईच्या पार्श्वभूमीवर सरकारच्या कामाबद्दल समाधानी आहात का?' यात उत्तर प्रश्नातच पेरले आहे. क्रमाचाही परिणाम होतो. आधी पीकविमा, कांद्याचा भाव, पाणीटंचाई असे दहा प्रश्न विचारून मग 'मत कुणाला?' विचारले तर उत्तर एक येते; मताचा प्रश्न पहिला ठेवला तर दुसरे. इंग्रजी प्रश्नावलीचे घाईत केलेले मराठी तर 'आपण कितपत सहमत आहात' अशा सरकारी भाषेत असते. मुलाखत घेणारा मग ते आपल्या शब्दांत समजावतो आणि प्रत्येक गावात प्रश्न बदलतो.

'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांचे काय केले, हेही विचारले पाहिजे. समजा, एका पक्षाला ४१ टक्के, दुसऱ्याला ३६, इतरांना ५ आणि १८ टक्के अनिश्चित. हे १८ गाळून उरलेल्या ८२ वर शंभर केले की ४१ चे बरोबर ५० होतात. 'निम्मे मतदार अमुकच्या पाठीशी' हा मथळा तयार! मूळ नमुन्यात त्याच्या पाठीशी दहापैकी चारच जण होते.

यानंतरची पायरी म्हणजे मतांवरून जागा काढणे, आणि तिथे पद्धत नीट असूनही गणित कोसळते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते. जागा मात्र महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि एक अपक्षाला. कुठल्याही प्रामाणिक नमुन्याला एक टक्का पकडता येत नाही. मग त्यावरून ४८ जागा वाटणे म्हणजे अंदाजावर अंदाज. त्याच वेळी १ जूनच्या संध्याकाळी देशभरातल्या बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला ३५० च्या वर नेले होते; ४ जूनला त्या आघाडीच्या जागा निघाल्या २९३. पाच महिन्यांनी विधानसभेला उलटे झाले: बहुतेकांनी महायुतीला पुढे दाखवले, पण प्रत्यक्षात मिळालेल्या २३० जागा बहुतेकांच्या अंदाजाच्या पट्ट्याबाहेर राहिल्या. निकालानंतर 'एक्झिट पोलची पोल उघडी' हा ठरलेला मथळा देऊन मोकळे होण्यापेक्षा त्या संस्थेचे मतांचे टक्के चुकले की जागांचे रूपांतर, हे छापले असते तर वाचकाच्या हाती काही लागले असते. २००४ च्या लोकसभेला चाचण्या चुकल्या तेव्हाही हीच संधी होती, तीही दवडली.

वाचकांच्या ऑनलाइन 'पोल'बद्दल थोडक्यात. क्यूआर कोड स्कॅन करून मत देणारे स्वतःहून आलेले असतात. त्यांची संख्या कितीही वाढली तरी नमुना सुधारत नाही. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी मत विचारणारी सुमारे एक कोटी कार्डे पाठवली. २३ लाखांच्या आसपास परत आली. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून काढलेली नावे, आणि ज्यांना हौस त्यांचीच उत्तरे. साप्ताहिकाने लँडन यांना ५७ टक्के दिले. निवडून आले रूझवेल्ट, ६१ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. वाचकांचे क्लिक छापायचेच असतील तर 'वाचकांच्या प्रतिक्रिया' म्हणून आकड्यांत छापा. टक्के काढू नका आणि '७२ टक्के नाशिककर' तर नकोच. विकास आराखड्यावर आलेल्या हरकती-सूचनांचेही तेच. हरकत घेणाऱ्यांपैकी ९० टक्के विरोधात असणारच. ज्याची जमीन जाते तोच अर्ज करतो. त्या हरकती कायद्याने महत्त्वाच्या आहेत, त्यांवर सुनावणी व्हायलाच हवी, पण शहराचे मत म्हणून त्यांचे टक्के काढता येत नाहीत.

हे सारे आम्ही नव्याने सुचवत नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे की मतदानपूर्व चाचणी छापताना ती कोणी केली, कोणी करवून घेतली, नमुन्याचा आकार आणि स्वरूप, निवडीची पद्धत आणि संभाव्य चूक या गोष्टी ठळकपणे द्याव्यात. त्यात आम्ही आणखी चार घालू: मुलाखतींच्या तारखा, समोर बसून की फोनवर, मूळ मराठी प्रश्न जसाच्या तसा, आणि नकार व 'सांगता येत नाही' यांचे टक्के. नमुन्यादाखल, काल्पनिक आकड्यांची चौकट अशी:

'चाचणी: अमुक संस्था. खर्च: तमुक वाहिनी. मुलाखती ३ ते ९ तारखेदरम्यान, घरी जाऊन, मराठीतून. ४० मतदारसंघांतील १२० केंद्रांच्या मतदारयादीतून ३६०० नावे. मुलाखती २४१० जणांच्या, नकार ३१०, उरलेले सापडले नाहीत. शहरी-ग्रामीण, स्त्री-पुरुष आणि वयानुसार भारांकन. गटवार निवड धरून चूक सुमारे ±३ टक्के. विभागवार आकड्यांत याहून जास्त. प्रश्न: "आज निवडणूक झाली तर तुम्ही कोणत्या पक्षाला मत द्याल?" सांगता येत नाही: १४ टक्के, गाळलेले नाहीत.'

एका कॉलमात ही चौकट दोन-अडीच इंच जागा घेईल. माहिती संस्थेकडे तयार असते. फोन करून मागितली तर तासाभरात मिळायला हवी. ती देता येत नाही असे उत्तर आले तर तो आकडा पहिल्या पानावरून उतरवावा, आणि आतल्या पानावर छापलाच तर 'संस्थेने पद्धत सांगितली नाही' ही ओळ त्याच्या खालीच, त्याच टाइपात द्यावी. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीत आणखी एक रकाना: संस्थेने दिलेले मतांचे टक्के आणि निवडणूक आयोगाचे टक्के, शेजारी शेजारी. जागांचे आकडे त्याखाली.

कळावे,
सर्वेक्षणाच्या कामातले आपले काही वाचक